रुंद पानांची तणे

औशाच्या मोंढ्यात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागं
मी बिलं फाडते.
अक्षर बरं, हिशेब चोख.
मालक म्हणतात, पोरगी कामाची आहे.

आई एका शनिवारी दुकानात आली.
एका पायात तिची चप्पल, एका पायात जैतूनबीची,
खुरपं कमरेला, नुसतं सवयीनं.
दहा दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं.
"अप्पानं पंप आणलाय," म्हणाली,
"एक माणूस, एक दिस, तीन एकर.
आमी अकराजणी चार दिस पुरवायचो."
मग म्हणाली, "ती बाटली दाव."

लिटरची, पांढरी, लाल झाकणाची.
तिनं ती कानाशी नेऊन हलवली,
नारळ घेताना हलवते तशी.
"वाच."

मिठाच्या कणाएवढं अक्षर होतं.
सोयाबीनमधील रुंद पानांची तणे:
कुंजर, केना, घोळ,
तांदुळजा, काटेमाठ, तरोटा.

प्रत्येक नावाला आई हुंकार देत होती,
गोष्ट ऐकताना देतात तसा.
तरोट्यापाशी थांबली.
"पुढं?"
पुढं मात्रा होती. पाण्याचं प्रमाण.
आणि धोक्याची खूण.

"आगं, हे तर माझं आखाडातलं पातेलं हाय.
ह्यांला नावं कुणी सांगितली?"
शिकलेली माणसं असतात कंपनीत, मी म्हटलं.
"त्यांनी खाल्लं का कवा?"
बिलात या प्रश्नाला रकाना नाही.

मला आठवतं,
उजव्या हातात खुरपं, डावा हात निवडत जायचा.
अर्धं तण बांधावर, अर्धं वट्यात.
तरोटा दोन पानांवर असतानाच घ्यायचा, मग तो कडवट होतो.
केन्याची भजी. कुंजर नखानं खुडायचा, विळ्यानं नाही.
जैतूनबी रोज्यात घोळ डाळीत टाकायची,
आणि संध्याकाळी वाटीभर आमच्याकडं धाडायची.
फार गोड होत्या सगळ्या, असंही नाही.
घोळीच्या एका तुकड्यावरून
आई आणि केवळबाई वर्षभर बोलत नव्हत्या.
एकाच काकरीत, पाठीला पाठ लावून खुरपायच्या,
आणि निरोप माझ्या तोंडी.

महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात.
गेल्या साली आईच्या नऊ झाल्या,
बाकीच्या बाजारातून. त्यात एक कोबी.
लक्ष्म्यांनी कोबीकडं बघितलं नाही, असं आई म्हणते.
मुखवटे कुठं बघतात, मी म्हटलं.
पण धाकटीचं तोंड मलाही
जरा वळल्यासारखं वाटलं होतं.
औंदा अजून पाचावरच अडलंय.

त्या शनिवारी निघताना
आई दुकानाच्या रांजणापाशी वाकली.
मला वाटलं, पाणी प्यायली.

पंधरा दिवसांनी पायरीच्या फटीतून,
रांजण पाझरतो तिथं,
लाल देठाची घोळ पसरली होती.
जाड पानांची, गुळगुळीत, ढिम्म.
मालक म्हणाले, "तिथं जरा फवारून टाक,
गिऱ्हाईक घसरंल."
उद्या, मी म्हटलं.
शटर ओढताना रोज म्हणते.
दिवसभरात अठरा-वीस बाटल्यांची बिलं फाडते,
पाचशे मिलीची वेगळी.
पगार आठ तारखेला होतो, त्यात आईची औषधं येतात.
हे मी लपवत नाही.

परवा डब्याच्या झाकणात चार शेंडे खुडून नेले.
आईनं कुठून आणले ते विचारलं नाही.
धुतले, निवडले, तीन डाळीत टाकले,
चौथा दारातल्या फुटक्या घमेल्यात खोचला
आणि अंगठ्यानं माती दाबली.

"सहा," म्हणाली,
आणि डाळ उतू चालली म्हणून आत पळाली.